रिबवरून डाइव्ह: उडीपेक्षा बोटीत परत येणं शिका

मी स्कूबा शिकले तारकर्लीला. तिथल्या होडीला शिडी होती, वर हात द्यायला दोन खलाशी होते आणि पाणी कोमट होतं. पुढे नोकरीसाठी इंग्लंडात प्लिमथला आले आणि इथल्या एका डायव्हिंग क्लबाबरोबर रिबवरून, म्हणजे कडेला हवेच्या नळ्या असलेल्या लहान मोटारबोटीवरून, जायला लागले. पहिला डाइव्ह व्हिटसँड बेमधल्या 'जेम्स ईगन लेन' या बुडालेल्या मालवाहू जहाजावर होता. हे अमेरिकन लिबर्टी जहाज मार्च १९४५ मध्ये पाणतीराने फुटलं आणि या उपसागरात येऊन बसलं. डाइव्ह फार सुंदर झाला. वर आले, बोट शेजारी आली आणि मला बोटीत चढताच येईना. मी आधी फिन्स काढून दिल्या होत्या, वजनाचा पट्टा मात्र कमरेलाच होता. दोघांनी ओढून आत घेईपर्यंत मी थकून गेले होते, थंडीने बोटं वळत नव्हती. काय आधी काढायचं हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून हा लेख. भारतातून येऊन ब्रिटनमध्ये डाइव्ह करणाऱ्या मराठी मंडळींसाठी तो मुख्यतः आहे. पण मालवणला किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ लहान बोटीवरून उतरणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल, कारण इंजिनाचा पंखा तिथेही तोच आणि वाराही तोच.

आधी बोट समजून घ्या

रिब म्हणजे खाली फायबरग्लासचा टणक, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा तळ आणि कडेने हवा भरलेल्या जाड नळ्या. हिचा जन्म १९६०च्या दशकात वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात झाला. तिथल्या विद्यार्थ्यांच्या रबरी बोटींचे तळ गोट्यांच्या किनाऱ्यावर घासून फाटायचे, म्हणून खाली लाकडी तळ जोडून पाहिला गेला. कॉलेजचे प्रमुख, निवृत्त रिअर अ‍ॅडमिरल डेस्मंड होर यांनी त्यातून पुढे एकामागून एक नमुने घडवले. ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेने, आरएनएलआयने, तीच कल्पना उचलली आणि त्यांची 'अटलांटिक २१' बोट १९७२ मध्ये सेवेत आली.

डायव्हरच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या. नळ्यांमध्ये वेगवेगळे कप्पे असतात, त्यामुळे एक फाटला तरी बोट तरंगते. कड पाण्यापासून जवळ असते, त्यामुळे मागे कलंडून उतरणं सोपं जातं. आणि बोट हलकी असल्यामुळे वारा तिला पटकन ढकलतो. तुम्ही पाण्यात असता तेव्हा प्रवाह तुम्हाला नेतो, बोटीला मात्र मुख्यतः वारा नेतो. डायव्हर उचलताना सगळी गंमत आणि सगळा धोका या फरकातच आहे.

१. कागदपत्रं आणि सामान

डायव्हर म्हणून तुमच्याकडे हे हवं:

- डायव्हिंगचं प्रमाणपत्र. भारतात घेतलेलं आंतरराष्ट्रीय कार्ड इथे चालतं, पण ड्रायसूट (आत पाणी न येणारा पोशाख) आणि थंड पाण्याची तोंडओळख क्लबात वेगळी करून घ्या.
- आरोग्याबद्दलचं स्वयंघोषणापत्र. दमा, हृदयाचा त्रास, मधुमेह असं काही असेल तर डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरची परवानगी. हे लपवू नका.
- क्लबाचं सदस्यत्व आणि विम्याचा कागद.
- लॉगबुक, म्हणजे आधीच्या डाइव्हची नोंदवही. तुम्हाला कुठल्या खोलीवर न्यायचं हे त्यावरून ठरतं.

पुढे बोट चालवायची इच्छा असेल तर आरवायए या ब्रिटिश नौकानयन संस्थेचा पॉवरबोट लेव्हल २ किंवा डायव्हिंग संस्थेचा कॉक्सनचा (बोट चालवणाऱ्याचा) कोर्स करा. ब्रिटनमध्ये स्वतःच्या हौसेसाठी लहान बोट चालवायला परवाना सक्तीचा नाही, आणि यामुळेच बरेच जण काही न शिकता सुकाणूवर बसतात. तुम्ही तसं करू नका. व्हीएचएफ रेडिओ वापरण्यासाठी मात्र वेगळं प्रमाणपत्र लागतं.

अंगावरच्या नेहमीच्या सामानाशिवाय प्रत्येकाकडे स्वतःचा सिग्नलचा फुगा आणि रीळ हवं. दोघांत मिळून एक पुरत नाही, कारण तुम्ही एकमेकांपासून वेगळे झालात की नेमका तेव्हाच तो लागतो. शिट्टी, दोरी कापायला कात्री किंवा चाकू आणि लहान टॉर्चही घ्या.

बोटीवर काय असावं, हे नवख्यानेही पाहून घ्यावं: व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस आणि खोली मोजायचं यंत्र, ऑक्सिजनचा संच, प्रथमोपचार पेटी, फ्लेअर्स (संकटात पेटवायचे इशारे), नांगर आणि पुरेशी दोरी, वल्ही, फेकायची दोरी, जादा किल कॉर्ड (चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) आणि 'अल्फा' झेंडा. निळा-पांढरा, टोकाला खाच असलेला हा झेंडा म्हणजे 'आमचा डायव्हर पाण्याखाली आहे, दूर राहा आणि हळू जा'. इंधनाचा हिशेब तीन भागांत करतात: एक भाग जायला, एक यायला आणि एक अडचणीसाठी राखून.

२. दिवस आणि वेळ

आपल्याकडे मच्छीमार अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते दिवस) बघून समुद्रात जातात. इथेही तेच बघायचं. प्लिमथला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साधारण पावणेपाच मीटर असतो, भांगाला सव्वादोनच्या आसपास. नवख्याने भांगाचे दिवस निवडावेत. प्रवाह बदलताना मधे पाणी थोडा वेळ थांबतं, त्याला स्लॅक म्हणतात. उतरायचं ते या वेळेत.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक म्हणजे भरती पूर्ण झाली की लगेच स्लॅक, असं सगळीकडे नसतं. इंग्लिश खाडीत बऱ्याच जागी स्लॅक आणि पूर्ण भरती यांत तासांचं अंतर पडतं. त्या जागेची माहिती वेगळी काढावी लागते. दुसरं, भरतीची बरीच कोष्टकं ग्रिनिच वेळेत असतात. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, तो तास मिळवायला विसरलात तर तुम्ही जागेवर पोहोचता तेव्हा पाणी जोरात धावत असतं.

प्रवाहाचा अंदाज कसा घ्यायचा? एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. एवढ्या प्रवाहात वर येताना दहा मिनिटं गेली तर तुम्ही तीनशे मीटर वाहून गेलेले असता. बोटीवरून बघणाऱ्याला त्या अंतरावरचं काळ्या टोपीतलं डोकं लाटांमध्ये दिसत नाही.

३. धक्क्यावर

बोट ट्रेलरवरून उतारावर आणली की आधी मागचं बूच लावलंय का बघा. तळातलं पाणी निघून जावं म्हणून जमिनीवर ते काढून ठेवतात आणि गडबडीत तसंच राहतं. नळ्यांमधली हवा दाबून बघा. उन्हात टणक लागलेली नळी थंड पाण्यात गेली की सैल पडते, म्हणून बोट पाण्यात टेकल्यावर पुन्हा तपासा आणि लागली तर हवा भरा.

सिलिंडर मधल्या रॅकमध्ये पट्ट्याने घट्ट बांधा. सुटलेला सिलिंडर एखाद्याच्या पायाचं हाड मोडू शकतो. स्वतःचं सामान एका जाळीच्या पिशवीत ठेवा. रिबवर पसारा करायला जागा नसते, आणि तुमचा मास्क दुसऱ्याच्या वजनाच्या पट्ट्याखाली गेला तर तो फुटलाच म्हणून समजा. ड्रायसूट धक्क्यावरच घाला, मागची झिप दुसऱ्याकडून तपासून घ्या आणि बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जाकीट) आणि रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र) सिलिंडरला जोडून, हवा उघडून एकदा पाहा. हलत्या बोटीत ही कामं करायला गेलं की मळमळ सुरू होते. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, मळमळू लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

डाइव्हची जबाबदारी असलेला माणूस पाटीवर नावं, जोड्या, सिलिंडरमधली हवा आणि ठरलेली वेळ लिहितो. तुमचं नाव त्या पाटीवर आहे ना, हे स्वतः बघा.

४. जाताना

रिब लाटेवरून उडते आणि आपटते. घोड्यावर बसल्यासारखं बसा, गुडघे थोडे वाकवून पायांवर भार घ्या, दोन्ही हातांनी धरा. पाठ भिंतीला टेकल्यासारखी ताठ ठेवून बसलात तर प्रत्येक धक्का मणक्यात जातो. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, सगळ्यात जास्त आपटतं. पाठीचं दुखणं असेल तर लाज न बाळगता मागची जागा मागून घ्या.

चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा गुडघ्याला किल कॉर्ड बांधलेली आहे का, ते प्रत्येकाने बघावं. ही लाल गुंडाळी दोरी इंजिनाच्या बटणाला जोडलेली असते. चालक बाहेर फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. मे २०१३ मध्ये कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टोजवळ एका रिबने जोरात वळण घेतलं आणि एका कुटुंबातले सहाही जण पाण्यात फेकले गेले. किल कॉर्ड बांधलेली नव्हती. बोट चालू इंजिनासह गोल फिरत त्यांच्यावरच परत आली. दोघं दगावले, आणखी दोघांना गंभीर इजा झाल्या. त्यामुळे नवखे असलात तरी 'दोरी बांधली का?' असं विचारायला कचरू नका. चालक बदलताना आधी इंजिन बंद करायचं, मग दोरी दुसऱ्याला द्यायची. जादा दोरी कुठे ठेवली आहे हेही सगळ्यांना माहीत हवं. चालक एकटाच पाण्यात पडला आणि त्याच्याबरोबर दोरी गेली, तर बोटीवरच्यांना इंजिन पुन्हा सुरू करायला तीच लागणार.

५. उडी

जागा सापडली की शॉट टाकतात: खाली वजन, मधे दोरी, वर बोया. बोया पाण्यात कसा ओढला जातोय, त्यावरून प्रवाह कळतो. बोया पाण्याखाली जात असेल तर थांबा, स्लॅक अजून आलेला नाही.

उतरण्याची रीत अशी. सगळे नळीवर पाठ पाण्याकडे करून बसतात, दोन्ही बाजूंना सारख्या संख्येने, म्हणजे बोट कलत नाही. बीसीडीत थोडी हवा, रेग्युलेटर तोंडात, एक हात मास्क आणि रेग्युलेटरवर, दुसरा पट्ट्यांवर. मागे कुणी तरंगत नाही ना हे वळून बघा. चालक इंजिन न्यूट्रल करतो, तसं मोठ्याने सांगतो, मग 'तीन, दोन, एक, जा' म्हणतो आणि सगळे एकाच वेळी मागे कलंडतात.

या पायरीवर माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: 'जा' म्हटल्यावर तुमचा मास्क अडकला आणि तुम्ही राहून गेलात, तर मागाहून उडी मारू नका. जागेवर बसून राहा, ओरडून सांगा. तेवढ्यात तुमच्या पाठीखाली दुसरा डायव्हर वर आलेला असू शकतो किंवा चालकाने सगळे गेले असं समजून गिअर टाकलेला असू शकतो. दोन मिनिटांनी बोट पुन्हा जागेवर आणता येते.

उडीनंतर पाण्यावर आलात की बोटीला 'ठीक' ची खूण द्या आणि लगेच इंजिनापासून दूर व्हा.

६. बोटीवर राहिलेल्यांचं काम

रिकामी रिब नांगरून सगळ्यांनी पाण्यात जायचं नसतं. चालक आणि निदान आणखी एक जण वर हवा. बुडबुडे आणि बोया कुठे आहेत, कोण किती वाजता उतरलं, दुसरी बोट जवळ येतेय का, हे बघत राहणं हेच त्यांचं काम. डब्यातले पराठे खात फोन बघायची ही वेळ नाही. मी स्वतः पहिले काही महिने डाइव्हपेक्षा बोटीवर जास्त बसले, आणि समुद्र वाचायला तिथेच शिकले.

७. वर येताना

शॉटच्या दोरीने वर येणं सर्वांत चांगलं. ते जमत नसेल तर वर निघतानाच, खोलीवरूनच सिग्नलचा फुगा सोडा. केशरी नळकांडं पाण्यावर उभं राहिलं की बोट त्याच्या मागे येते आणि तुम्ही सुरक्षा थांबा (वर येण्याआधी थोड्या खोलीवर थोडा वेळ थांबणं) घेत असताना वाहत गेलात तरी हरवत नाही. फुगा सोडायचा सराव आधी तलावात करा, कारण रीळ अडकलं की ते माणसालाही वर ओढतं.

पाण्यावर आलात की दोन्ही हात डोक्यावर गोल करून किंवा मूठ डोक्यावर ठेवून 'ठीक' सांगा. आनंदाने हात हलवू नका. आपल्याला ती सवय असते, पण समुद्रात हात हलवणं म्हणजे 'मला मदत हवी'. बीसीडी फुगवा, मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडात राहू द्या, जोडीदाराला धरा. बोटीकडे पोहत जाऊ नका, बोट तुमच्याकडे येईल.

८. डायव्हर उचलणं: सुकाणूवरून

हा भाग चालकासाठी आहे, पण डायव्हरने तो वाचला तर बोट काय करते आहे ते कळेल.

पन्नासेक मीटर अलीकडेच वेग अगदी कमी करा. नाळेवर बसलेल्याने डायव्हरकडे सतत बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. मालवणला तांडेलाच्या (होडी चालवणाऱ्याच्या) पुढे बसलेली पोरं हेच करतात. वारा कुठून आहे ते बघा आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाने, नाळ वाऱ्याकडे ठेवून, सावकाश पुढे या. डायव्हर तुम्हाला दिसेल अशा, म्हणजे सुकाणूच्या बाजूला हवा. वाऱ्याच्या वरच्या अंगाने आलात तर वारा बोट त्याच्या अंगावर ढकलत नेतो.

दोनेक बोटींचं अंतर राहिलं की न्यूट्रल. उरलेलं अंतर बोट स्वतःच्या वेगाने कापेल. कमी पडलं तर दोरी फेका आणि डायव्हरला ओढून घ्या. डायव्हर नळीला लागला की इंजिन बंद.

थांबण्यासाठी रिव्हर्स मारायचा नाही. पंखा मागे आहे, आणि रिव्हर्समध्ये तो माणसाला स्वतःकडे ओढतो. अंदाज चुकला, बोट पुढे निघून गेली किंवा वाऱ्याने नाळ फिरली, तर माणसाजवळ गिअरशी झटापट करू नका. वाहत दूर जाऊ द्या, मोठा वळसा घ्या, पुन्हा या. पाचव्या वेळी जमलं तरी चालेल. डायव्हर बोयाला धरून असेल तर दोरी कुठल्या बाजूला ताणलेली आहे ते बघा. दोरी पंख्यात गुंडाळली की बोट तिथेच अडकते.

९. बोटीत चढणं

हा क्रम पाठ करा:

पहिल्यांदा नळीवरची दोरी एका हाताने धरा. बीसीडी पूर्ण फुगवा. मग वजनाचा पट्टा सोडा आणि बकल नसलेलं टोक धरून वर द्या, म्हणजे वजनं घसरून पडत नाहीत. वजनं बीसीडीच्या खिशात असतील तर ती काढून द्या. त्यानंतर बीसीडी आणि सिलिंडर. वरच्या माणसाने ते पकडलं आहे असं त्याने तोंडाने सांगितल्यावरच सोडा. पट्टा अंगावर ठेवून आधी बीसीडी काढलीत तर तुम्ही खाली जाल. सर्वांत धोक्याची चूक हीच.

फिन्स शेवटपर्यंत पायात ठेवा, कारण त्यांच्याच जोरावर चढायचं आहे. दोन्ही हातांनी दोरी धरा, अंग थोडं खाली जाऊ द्या, मग जोरात पाय मारत हात खाली दाबा आणि पोटावर नळीवर या. वरचा माणूस सूटला धरून ओढेल. पोटावर आलात की सरपटत आत या, कसं दिसतं याची फिकीर करू नका. मास्क बोटीत आल्यावर काढा.

खोल डाइव्हनंतर जीव तोडून ओढाताण करणं शरीराला चांगलं नाही. दमला असाल तर आधी सांगा. शिडी असेल तर मागून घ्या. शिडी इंजिनाजवळ असेल तर इंजिन बंद झाल्याची खात्री करूनच तिकडे जा.

१०. काही बिघडलं तर

ठरलेल्या वेळेनंतर डायव्हर दिसत नसेल तर वाट बघत बसू नका. जीपीएसवर जागा आणि घड्याळात वेळ नोंदवा, आणि व्हीएचएफ चॅनल १६ वर कोस्टगार्डला 'मेडे', म्हणजे जिवावरच्या संकटाची हाक, द्या: बोटीचं नाव, जागा, काय झालं, किती माणसं. डायव्हर नंतर सुखरूप सापडला तर तसं कळवा, कुणीही रागावत नाही. सगळ्यांचा वेळ जातो तो 'अजून पाच मिनिटं बघू' यात.

वर आल्यावर सांधे दुखणं, मुंग्या, चक्कर, विचित्र थकवा असं काही वाटलं तर आडवं झोपवा, शुद्ध ऑक्सिजन द्या आणि कोस्टगार्डला कळवा. 'बोट लागली असेल' म्हणून अंगावर काढू नका. प्लिमथमध्ये दाबकक्षाची (अशा डायव्हरवर वाढीव दाबाखाली उपचार करण्याच्या खोलीची) सोय आहे, पण तिथे कसं न्यायचं हे कोस्टगार्डलाच ठरवू द्या.

११. परत आल्यावर

निघण्याआधी नावं घेऊन मोजा. नुसती डोकी मोजली तर चूक होते. प्रत्येकाने स्वतःच्या आवाजात उत्तर द्यायला हवं. धक्क्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवा, नळ्या आणि ट्रेलरची चाकंही. खारं पाणी ट्रेलरच्या बेअरिंगमध्ये राहिलं तर ते पुढच्या फेरीत हमरस्त्यावर त्रास देतं. मग बूच काढा, तळातलं पाणी जाऊ द्या, आणि ते बूच गाडीच्या किल्लीला बांधा. पुढच्या रविवारी गाडी सुरू करताना ते हातात येईलच.